नणंद-भावजयीचा तह: मेखेलेन ते ब्रसेल्स, सात दिवस

वसईच्या शाळेत मी ३४ वर्षं इतिहास शिकवला. युरोपातल्या प्रबोधनाचा धडा आला की फळ्यावर तीन नावं लिहायचे: इंग्लंडचा आठवा हेन्री, फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस आणि स्पेनपासून जर्मनीपर्यंतच्या मुलखाचा धनी पाचवा चार्ल्स. तिघं एकाच पिढीतले, तिघं कोवळ्या वयात गादीवर बसलेले. हेन्री १५०९ साली, फ्रान्सिस १५१५ साली, चार्ल्स १५१६ साली स्पेनचा राजा झाला आणि तीनच वर्षांनी सम्राटपदी निवडून आला. पुढची तीस-पस्तीस वर्षं युरोपात जे काही घडलं, ते या तिघांच्या चढाओढीच्या आजूबाजूला घडलं. मुलं सनावळी पाठ करायची, मी पेपर तपासायचे आणि धडा संपायचा.

यंदा लेकीकडे अ‍ॅमस्टेलव्हेनला गेले तेव्हा तिला म्हटलं, पवनचक्क्या पुढच्या वेळी बघू, मला या तिघांच्या गावांना ने. जावयांनी आठवड्याची रजा काढली. आठ वर्षांच्या नातीच्या शाळेला जुलैची सुट्टी लागली आणि आम्ही चौघं गाडीने निघालो.

पहिला दिवस: मेखेलेन

दोन तासांत मेखेलेन आलं. नेदरलँड्स संपून बेल्जियम कुठे सुरू झालं ते फोनने सांगितलं म्हणून कळलं.

इथे चार्ल्सच्या आत्याचा वाडा आहे. ऑस्ट्रियाची मार्गारेट. लाल विटा, मध्ये पांढऱ्या दगडाचे पट्टे, आत छोटा चौक आणि कातरलेल्या झुडपांची बाग. आज त्या इमारतीत न्यायालय भरतं. आम्ही बागेतल्या बाकावर बसलो आणि मी लेकीला मार्गारेटची गोष्ट सांगितली, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

तिसऱ्या वर्षी तिची सोयरीक फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सशी ठरली आणि तिला फ्रान्सच्या दरबारात वाढायला पाठवलं. दहा वर्षं ती भावी राणी म्हणून तिथे वाढली. मग त्या राजाने दुसऱ्याच राजकन्येशी लग्न केलं आणि हिला माघारी धाडलं. १४९७ साली स्पेनच्या युवराजाशी लग्न झालं, तो सहा महिन्यांत गेला. १५०१ मध्ये साव्हॉयच्या ड्यूकशी झालं, तो तीन वर्षांत गेला. चोविसाव्या वर्षी दोनदा विधवा. तिसऱ्यांदा ती बोहल्यावर चढली नाही. भाऊ वारला, भावजय जोआना स्पेनमध्ये राहिली, आणि भावाच्या लेकरांना वाढवायचं काम हिच्याकडे आलं. १५०७ पासून नेदरलँड्सचा (तेव्हा आजचा बेल्जियमही त्यातच) कारभारही तिनेच बघितला. त्या लेकरांतला एक चार्ल्स. त्याला शिकवायला होता उट्रेख्टचा आद्रियान, जो पुढे पोप झाला.

याच वाड्यात १५१३ साली इंग्लंडमधून एक मुलगी फ्रेंच भाषा आणि दरबारी रीतभात शिकायला आली होती. तिचं नाव अ‍ॅन बोलिन. इथून ती फ्रान्सला गेली, फ्रान्सिसची राणी क्लोद हिच्या सेवेत राहिली, आणि मग इंग्लंडात परतून हेन्रीची राणी झाली. तीन दरबार एकाच मुलीने आतून पाहिले. १९ मे १५३६ रोजी तिचा शिरच्छेद झाला. मुलांना शिकवताना मी तिला हेन्रीच्या सहा बायकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचे. या बागेत बसल्यावर ती पुस्तकं पोटाशी धरून चौक ओलांडणारी मुलगी वाटली. माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावर बसेल अशी.

दुसरा दिवस: गेंट

चार्ल्स जन्मला गेंटमध्ये, २४ फेब्रुवारी १५००. ज्या राजवाड्यात जन्मला त्या प्रिन्सेनहॉफमधली फक्त एक काळपट कमान उरली आहे. कमानीजवळ माणसाचा पुतळा आहे. राजाचा नव्हे. पायघोळ सदरा, अनवाणी पाय, गळ्यात दोरीचा फास.

नात पुतळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. "आजी, याने काय केलं होतं?"

याने कर भरायला नकार दिला होता. फ्रान्सशी लढायला पैसा हवा म्हणून कर मागितला गेला, गेंटने तो नाकारला आणि १५३९ मध्ये शहर उठलं. लोकांनी फ्रान्सिसकडे मदत मागितली, तर फ्रान्सिसने ते चार्ल्सलाच कळवून टाकलं. एवढंच नाही, स्पेनमधून गेंटला लवकर पोहोचता यावं म्हणून चार्ल्सला आपल्या राज्यातून वाट दिली, त्याला शांबोरचा राजवाडा दाखवला, पॅरिसमध्ये मिरवलं. वीस वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे, रयत उठली तेव्हा एका पंगतीला बसले. फेब्रुवारी १५४० मध्ये चार्ल्स सैन्यासह आपल्या जन्मगावी शिरला. शहराचे हक्क काढून घेतले. ३ मे रोजी शहरातले प्रतिष्ठित काळ्या कपड्यांत आणि कारागीर पांढऱ्या सदऱ्यांत, गळ्यात फास अडकवून, त्याच्यापुढे क्षमा मागायला चालत गेले.

त्याने केली ती शिक्षा अपमानाची होती, आणि गेंटच्या लोकांनी तो अपमान अंगावर दागिन्यासारखा घातला. आजही गेंटकर स्वतःला ‘स्ट्रॉपेनड्राखर’ म्हणवतात, म्हणजे फास वागवणारे. जुलैत इथला मोठा उत्सव असतो, त्यात पांढरे सदरे आणि फास घालून लोक मिरवणूक काढतात. आम्ही गेलो तेव्हा उत्सवाला दोन-चार दिवस होते, चौकाचौकांत मंडप उभे राहत होते. सुतार ठोकाठोक करत होते आणि त्यांच्या डोक्यावरच्या पताका वाऱ्यावर फडफडत होत्या.

दुपारी सेंट बाव्होच्या चर्चमध्ये गेलो, चार्ल्सचा बाप्तिस्मा झाला ते चर्च हेच. संध्याकाळी ‘वॉटरझोई’ खाल्लं. मासे, गाजर, बटाटा, वर मलईचा पातळ पांढरा रस्सा. आमच्या वसईच्या कालवणाला ना मिरची ना कोकम घातलं तर जसं लागेल तसं, पण मासा ताजा होता. त्यातला बटाटा मात्र चार्ल्सच्या जन्मावेळी युरोपात कुणी पाहिलेला नव्हता. स्पॅनिश सेनानी पिझारोने १५३३ पर्यंत पेरू जिंकलं ते चार्ल्सच्या नावाने, आणि बटाटा त्यानंतर तिथून आला.

तिसरा दिवस: गीन, आर्द्र आणि समुद्र

ज्या जागेसाठी मी एवढी आले, तिथे बघायला एक शेत आहे.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कॅलेच्या दक्षिणेला गीन आणि आर्द्र ही दोन गावं. १५२० साली गीन इंग्रजांच्या ताब्यात होतं, आर्द्र फ्रेंचांच्या. ७ ते २४ जून या काळात दोन्हींच्या मधल्या माळावर हेन्री आणि फ्रान्सिस भेटले. जरीच्या कापडाचे इतके तंबू उभे राहिले की त्या जागेचं नावच ‘जरीच्या कापडाचं मैदान’ पडलं. रस्त्याच्या कडेला एक स्मारकशिला आहे. तिच्या पलीकडे जवसाचं पीक होतं, नुकतंच मुळासकट उपटून रांगांनी आडवं पसरलेलं.

माझं सासर वर्ध्याकडचं. तिथे जवस म्हणजे चटणी आणि तेल. इथे दाण्यापेक्षा काडीला भाव, कारण तिच्या धाग्यापासून लिनन होतं. पीक शेतातच दव-पावसात ठेवतात, काडी हळूहळू कुजते आणि धागा सुटा होतो. आपल्याकडे ताग पाण्यात बुडवून ठेवतात त्यातलाच प्रकार. मी एक काडी मोडून सोलली. वरची साल तुटली आणि आतून केसासारखे पिवळसर धागे निघाले. नातीने ते बोटाला गुंडाळून घेतले आणि संध्याकाळपर्यंत सोडले नाहीत.

भेट घडवून आणली हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्सी याने. दोन वर्षं आधी, १५१८ मध्ये, त्याने लंडनला युरोपातल्या मोठ्या सत्तांचा एक तह जमवला होता: कुणी कुणावर हल्ला केला तर बाकीच्यांनी मिळून हल्लेखोराला रोखायचं. कल्पना त्या काळाच्या फार पुढची होती. त्याचीच पुढची पायरी म्हणजे हे मैदान. कोणाचीही बाजू वरचढ दिसू नये म्हणून जमिनीचे उंचवटेसुद्धा तासून सारखे केले होते. हेन्रीने गीनला विटांच्या पायावर लाकूड, काच आणि रंगवलेल्या कापडाचा तात्पुरता राजवाडा उभारला, दारात कारंजं, त्यातून वाइन वाहत होती. दोन्हीकडची हजारो माणसं, घोड्यावरून भाल्यांच्या झुंजी, मेजवान्या. एका फ्रेंच सरदाराने आठवणींत लिहिलंय की हेन्रीने फ्रान्सिसला कुस्तीचं आव्हान दिलं आणि फ्रान्सिसने त्याला चीत केलं. इंग्रजांच्या कागदांत या कुस्तीबद्दल अक्षर नाही.

आणि हे सगळं चालू असताना हेन्री मे महिन्यात चार्ल्सला इंग्लंडात भेटून आलेला होता, जुलैत पुन्हा ग्राव्हलिनला भेटणार होता. दोन वर्षांनी, १५२२ मध्ये, इंग्लंड आणि फ्रान्स पुन्हा लढायला उभे राहिले. मैदानावर खर्चलेल्या पैशातून एक दिवसाचीही शांतता विकत मिळाली नाही, असं मी वर्गात सांगायचे. ते अजूनही खरं वाटतं. पण उंचवटे तासून जमीन सारखी करणारे ते मजूर माझ्या सांगण्यात कधी आले नव्हते. त्या शेतात उभं राहिल्यावर पहिल्यांदा तेच डोळ्यांपुढे आले.

दुपारी समुद्रावर गेलो. हवा स्वच्छ होती. पलीकडे डोव्हरचे पांढरे कडे दिसत होते, अंतर जेमतेम ३४ किलोमीटर. हेन्रीचं हॅम्प्टन कोर्ट या प्रवासात नाही, कारण माझ्या पासपोर्टावर शेंगेन व्हिसा होता आणि इंग्लंडचा वेगळा काढावा लागतो. तिसऱ्या राजाचं राज्य मी असं काठावरूनच पाहिलं.

त्या काठाचा एक धागा चार्ल्सकडे जातो. हेन्रीची पहिली बायको कॅथरीन ही चार्ल्सची मावशी. हेन्रीला तिच्याशी झालेलं लग्न रद्द करून हवं होतं, आणि ते पोपच्या हातात होतं. पण मे १५२७ मध्ये चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं, पोप किल्ल्यात कोंडला गेला. भाच्याच्या मुठीतला पोप मावशीचं लग्न मोडणार कसा? मग १५३३ मध्ये हेन्रीने कायदा केला की इंग्लंड हे स्वतःच एक साम्राज्य आहे, इथले दावे रोमला जाणार नाहीत. १५३४ मध्ये तो स्वतः चर्चचा प्रमुख झाला. आजच्या व्हिसाच्या रांगेचं कारण तो कायदा आहे असं म्हणणं फार सोपं होईल, मध्ये पाच शतकं आहेत. पण ‘आमचा निवाडा बाहेरच्यांनी करायचा नाही’ हे वाक्य त्या बेटावर तेव्हापासून ऐकू येतंय, आणि युरोपातून बाहेर पडायच्या मतदानाच्या वेळीही ते तसंच ऐकू आलं.

चौथा दिवस: कांब्रे

कांब्रेला पोहोचलो तर आधी ठरवलेली खोली दुसऱ्याच कुटुंबाला देऊन टाकलेली. तास-दीड तास फोनाफोनी करून दुसरीकडे सोय झाली. नात पेंगुळली होती. तिला शांत करायला लेकीने इथल्या पुदिन्याच्या गोळ्या घेतल्या. अर्धपारदर्शक, मधोमध जळक्या साखरेचा पिवळा पट्टा. नाव ‘बेतीझ’, म्हणजे चूक, वेडेपणा. चुकून तयार झाल्या अशी त्यांची दंतकथा आहे.

पर्यटक इथे फारसे येत नाहीत. मला मात्र या गावासाठी वेळ हवा होता.

२४ फेब्रुवारी १५२५, चार्ल्सचा पंचविसावा वाढदिवस. त्या दिवशी इटलीत पाव्हियाला त्याच्या सैन्याने फ्रेंचांचा धुव्वा उडवला आणि फ्रान्सिसला जिवंत पकडलं. राजा माद्रिदला कैदेत. आई लुईज फ्रान्स सांभाळत होती. तिने दोन कामं केली. एक, इस्तंबूलला तुर्की सुलतान सुलेमानकडे दूत पाठवला. पहिला वाटेतच मारला गेला, दुसरा पत्र जोड्याच्या तळव्यात लपवून पोहोचला. ख्रिस्ती राजाची आई मुस्लिम सुलतानाकडे मदत मागते, यावर युरोपभर बोंब झाली. पण तो मैत्रीचा धागा तुटला नाही. पुढे फ्रेंच आणि तुर्क यांचा उघड करार झाला, १५४३-४४ च्या हिवाळ्यात तर तुर्की आरमार फ्रान्सच्या तूलाँ बंदरात मुक्कामाला होतं. धर्म एकीकडे आणि राज्याचं हित एकीकडे, ही आजच्या परराष्ट्र खात्यांची रीत लुईजच्या त्या पत्रापासून धीट झाली, असं मला वाटतं.

दुसरं काम, वाट पाहिली. जानेवारी १५२६ मध्ये फ्रान्सिसने माद्रिदला तहावर सही केली, आपली दोन मुलं ओलीस ठेवली, सुटला, आणि तह नाकारला. पुन्हा लढाई. दोन्ही राजे इज्जतीच्या फासात अडकलेले. जो आधी नमेल तो हरला. म्हणून १५२९ च्या उन्हाळ्यात बोलणी करायला दोन बायका या गावात आल्या. एक लुईज. दुसरी मेखेलेनची मार्गारेट. मार्गारेटचा दुसरा नवरा, साव्हॉयचा ड्यूक, हा लुईजचा सख्खा भाऊ. म्हणजे नणंद-भावजय. शिवाय लहानपणी दोघी फ्रान्सच्या दरबारात वाढलेल्या.

मार्गारेट उतरली सँ-ओबेरच्या मठात, लुईज समोरच्या वाड्यात. दोन्ही घरांना जोडणारा झाकलेला पूल बांधला, की रस्त्यावरच्यांना कोण कधी कोणाकडे गेलं ते दिसू नये. ५ ऑगस्टला तह झाला. फ्रान्सिसने इटलीवरचा हक्क सोडला, फ्लँडर्स आणि आर्त्वावरचं अधिराज्य सोडलं. चार्ल्सने बर्गंडीचा हट्ट सोडला. मुलांच्या सुटकेसाठी २० लाख एकू, म्हणजे सोन्याची फ्रेंच नाणी. चार्ल्सलाही घाई होती. सुलेमान व्हिएन्नाकडे निघालेला होता आणि सप्टेंबरात वेढा पडलाच. गेंट ज्या फ्लँडर्समध्ये आहे तो मुलूख फ्रान्सच्या राजाच्या अधिराज्यातून कायद्याने सुटला तो इथे. परवा मेखेलेन-गेंट पाहताना मी बेल्जियममध्ये होते, फ्रान्समध्ये नव्हते, यात या दोघींचा वाटा आहे.

मठाच्या जागी आज नंतरच्या काळात बांधलेलं सँ-झेरीचं चर्च आहे. त्याच्यासमोरच्या अरुंद रस्त्यावर उभं राहून मी अंदाज बांधत होते, पूल कुठून कुठे गेला असेल. वर साड्या नाहीत, पण घोळदार झगे, हातात कागद, मागे एकच विश्वासू दासी. घरातला वाटा-हिश्शाचा तंटा थोरल्या बायकांनी माजघरात बसून मिटवावा, पुरुषांना ओसरीवर निकाल सांगावा, हे मी माहेरी-सासरी दोन्हीकडे पाहिलंय. नगरभवनाच्या माथ्यावर मार्तां आणि मार्तीन नावाचे दोन कांस्य पुतळे १५१२ पासून घंटेवर ठोके देतात. त्या दोघींनीही ते ऐकले असणार. आम्ही पाचचे ऐकले.

पाचवा दिवस: विलेर-कोत्रे

जंगलाच्या कडेचा फ्रान्सिसचा राजवाडा. कित्येक दशकं इथे निराधारांचं आणि मग वृद्धांचं आश्रयस्थान होतं, आता दुरुस्त करून २०२३ मध्ये फ्रेंच भाषेचं केंद्र सुरू केलंय. जिन्याच्या छतावर फ्रान्सिसचं ‘फ’ अक्षर आणि त्याची निशाणी, आगीतली सॅलमँडर (पालीसारखा प्राणी), कोरलेली आहे. चौकावर काचेचं छप्पर आणि त्याखाली मोठमोठे फ्रेंच शब्द टांगलेले.

ऑगस्ट १५३९ मध्ये इथे १९२ कलमांचा एक हुकूम निघाला. त्यातली दोन कलमं (११० आणि १११) सांगतात की न्यायालयाचे निवाडे आणि दस्तऐवज लॅटिनमध्ये नकोत, फ्रेंच मातृभाषेत हवेत. फ्रान्सच्या कोर्टांनी हीच कलमं आजवर आधार म्हणून वापरली आहेत. आणखी एका कलमाने पाद्र्यांना बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवायला लावली, म्हणजे जन्मनोंद. त्याच्या दोन वर्षं आधी याच राजाने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत राजाच्या ग्रंथालयात जमा करायला सांगितली होती. हरलेल्या लढायांपेक्षा या कागदांनी फ्रान्स जास्त घडवला. सामान्य माणसाला आपल्यावरचा निकाल आपल्याला वाचता यावा, ही गोष्ट किती मोठी आहे ते आपल्याकडे तालुका कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारावं. अर्थात ‘मातृभाषा’ म्हणताना राज्यातल्या ब्रेतों, ऑक्सितान बोलणाऱ्यांची मातृभाषा त्यात हळूहळू दबली, हेही तितकंच खरं.

पाऊस आला. आम्ही लवकर निघालो.

सहावा दिवस: सँ-दनी

पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनीचं चर्च, फ्रान्सच्या राजांची दफनभूमी. फ्रान्सिस ३१ मार्च १५४७ ला वारला. त्याच वर्षी २८ जानेवारीला हेन्री गेला होता. दोघांत दोन महिन्यांचं अंतर.

फ्रान्सिस आणि क्लोदची समाधी म्हणजे संगमरवरी विजयकमानच. खाली दोघांच्या निष्प्राण देहांच्या मूर्ती. पायथ्याशी दगडात कोरलेली लढाई, मारिन्यानोची, १५१५ ची, जिंकलेली. बाजूला चेरेझोलेची, तीही जिंकलेली. पाव्हिया नाही. मी दोनदा प्रदक्षिणा घालून शोधलं. कुठेही नाही.

पण पाव्हिया वर आहे. कमानीच्या माथ्यावर पाच जण गुडघे टेकून प्रार्थनेत बसलेत: राजा, राणी आणि त्यांची तीन मुलं. त्यातला थोरला युवराज फ्रान्स्वा. बापाच्या बदल्यात ओलीस गेलेला तोच. मार्च १५२६ मध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या बिदासोआ नदीत मधोमध तराफा बांधला. एका काठाने बाप आला, दुसऱ्या काठाने दोन मुलं. थोरला ८ वर्षांचा, धाकटा आँरी ७ पुरे व्हायचा. तराफ्यावर अदलाबदल झाली आणि बाप घोडा फेकत निघून गेला. मुलं चार वर्षं स्पेनमधल्या किल्ल्यांत राहिली. बापाने तह मोडला म्हणून पहारा कडक होत गेला, ओळखीचे फ्रेंच नोकर काढून घेतले. कांब्रेच्या तहानंतर आजीने पाठवलेला माणूस त्यांना भेटायला गेला, तर थोरल्याला फ्रेंच समजेना. मध्ये दुभाषी लागला. १ जुलै १५३० ला सोनं नदीपलीकडे गेलं आणि मुलं अलीकडे आली. थोरला १८ व्या वर्षी वारला. धाकटा दुसरा आँरी म्हणून राजा झाला आणि बापाची ही समाधी त्याने बांधवली. भावाला त्याने वर, आईबापांजवळ बसवलं.

मान वर करून मी त्या संगमरवरी पोराकडे बघत होते. माझा हात धरून आठ वर्षांची नात उभी होती. तिने विचारलं, "त्याची आई का नाही आली त्याला आणायला?"

क्लोद १५२४ मध्येच गेली होती. मी तसं सांगितलं.

"मग तो कोणाशी बोलायचा?"

नातीचं मराठी अलीकडे अडखळतं. घरी आम्ही बोलतो, पण शाळा, मैत्रिणी, पोहायचा वर्ग, सगळं डचमध्ये. शब्द सापडला नाही की ती डच शब्द घालते आणि पुढे जाते. तिच्या प्रश्नाला मी काही बोलले नाही. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला जवळ घेतलं.

सातवा दिवस: ब्रसेल्स

परतीच्या वाटेवर शेवटचा थांबा, कूडेनबर्गचा राजवाडा. १७३१ मध्ये तो जळला. आज प्लास रोयाल या चौकाच्या खाली त्याची तळघरं आणि भिंतींचे पाये आहेत. पायऱ्या उतरून गेलो की वर ट्रॅम चाललेली आणि खाली विटांची गार, ओलसर शांतता.

इथल्या मोठ्या दिवाणखान्यात २५ ऑक्टोबर १५५५ ला चार्ल्सने राज्य सोडलं. वय ५५. सांधेदुखीने हात-पाय वाकडे झालेले. एका हातात काठी, दुसरा हात एका २२ वर्षांच्या तरुण सरदाराच्या खांद्यावर. चष्मा लावून त्याने टिपणं वाचली. आयुष्यभराचे प्रवास मोजून सांगितले: जर्मनीला ९ वेळा, स्पेनला ६, इटलीला ७, नेदरलँड्सला १०, फ्रान्सला ४, इंग्लंडला २, आफ्रिकेला २. चाळीस झाले. त्याला रडू आलं, ऐकणारेही रडले. मग मुलगा फिलिप उभा राहिला, पण त्याला फ्रेंच नीट येत नव्हतं. दोन वाक्यं बोलून तो बसला आणि त्याचं भाषण दुसऱ्याने वाचलं. ज्या प्रजेचा तो राजा होत होता तिच्याशी बोलायला त्याला तोंड नव्हतं. तेरा वर्षांत हे प्रांत त्याच्याविरुद्ध लढायला उठले, आणि उठावाचं नेतृत्व केलं त्याच तरुण सरदाराने, ज्याच्या खांद्यावर बापाचा हात होता. ऑरेंजचा विल्यम. त्या लढ्यातून नेदरलँड्स नावाचा देश झाला, ज्याच्या शाळेत माझी नात जाते.

हाच फिलिप आईच्या नात्याने १५८० मध्ये पोर्तुगालचाही राजा झाला. त्याची आई इझाबेला पोर्तुगालची राजकन्या. म्हणून गोवा, चौल आणि आमची वसई १६४० पर्यंत या घराण्याच्या ताब्यात होती. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, हे मला लहानपणापासून ठाऊक. मधली साठ वर्षं माझ्या माहेरचा किल्ला या तळघरात गादीवर बसलेल्या माणसाच्या वंशाचा होता, हे मी पाठ्यपुस्तकातून शिकवलंही होतं. पण त्या विटांवर हात ठेवेपर्यंत ते मला लागलं नव्हतं.

मी नातीला विल्यमची जागा दाखवली. "तो इथे उभा होता. म्हातारा राजा त्याच्या खांद्यावर टेकून आला."

"विल्यम? आमचा विल्यम?" तिचे डोळे मोठे झाले. शाळेत राष्ट्रगीत शिकवलंय, ते त्याच्याच तोंडी आहे. ती तिथल्या तिथे हळू आवाजात म्हणायला लागली. शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. "आजी, पण तो यात म्हणतो की तो स्पेनच्या राजाला..."

"काय?"

"थांब, मराठीत सांगते." ती विचार करत राहिली. लेक शब्द सुचवायला पुढे झाली, मी तिला हाताने थांबवलं. वरून एक ट्रॅम गेली, विटा किंचित थरथरल्या.

"तू देवाला फुलं वाहतेस, आणि पणजोबांच्या फोटोला नमस्कार करतेस, ते."

"मान देणं."

"हं. तो म्हणतो, स्पेनच्या राजाला मी नेहमी मान दिला." मग तिने ते वाक्य पुन्हा एकदा, पहिल्या शब्दापासून, न अडखळता म्हणून दाखवलं.